शिशाची गोळी आणि वावराचा गट नंबर

वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांत मारुतीच्या पाराजवळ किंवा पडक्या गढीच्या बुरुजाखाली एखादा गोल दगड ठेवलेला दिसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तोफेचा गोळा. कुणी तो निजामाचा सांगतं, कुणी भोसल्यांचा. त्याला शेंदूर लागलेला असेल तर पुढचा प्रश्न विचारायची सोयही उरत नाही. यातले काही गोळे खरंच तोफेचे असतात. पण कितीतरी गोळ्यांना तोफेनं कधी स्पर्शही केलेला नसतो, ते इथल्याच जमिनीनं घडवलेले असतात.

वाशीम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. त्या भेगांतून हजारो वर्षं पाणी मुरत राहिलं. ठोकळ्याच्या कडा आणि कोपऱ्यांवर पाण्याचा मारा दोन-तीन बाजूंनी होतो, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि मधला भाग हळूहळू गोलावतो. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथे बघा. मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटत असलेले गोळे दिसतील, आणि आतला गाभा घट्ट, काळा, गोल. पावसानं मुरूम वाहून गेला की हा गाभा ओढ्यात येतो. ओढ्यातून वावरात येतो आणि वावरातून पारावर.

खरा दगडी तोफगोळा माणसानं टाकी-हातोडीनं घडवलेला असतो. त्यावर टाकीचे बारीक खड्डे सगळीकडून सारखे दिसतात आणि कुठूनही घेर मोजला तरी फरक फार थोडा येतो. नैसर्गिक गोळ्याचं एका बाजूला पोट सुटलेलं असतं, एखादा अर्धवट पापुद्रा चिकटलेला असतो. सुतळी घ्या, तीन दिशांनी घेर मोजा. तिन्ही मापं बोटभर वेगळी आली तर त्या गोळ्याचा इतिहास तोफखान्यात नाही, भूगर्भात शोधायचा.

मुळात या भागात तोफा वाजल्या का, हेही बघायला हवं. खुद्द वाशीम शहराचं नाव घेतलं की वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी आठवते, भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी बांधलेलं बालाजी मंदिर आठवतं. रणभूमी आठवत नाही. पण जिल्ह्याच्या भोवती एक फेरा मारला तर चित्र बदलतं. पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्डा आहे. 1724च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्कनं मुबारिजखानाला तिथे लढाईत ठार केलं, दख्खनवर स्वतःचा अंमल बसवला आणि गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. उत्तरेला बाळापूर. तिथे 1720मध्ये याच निजामानं आलमअलीखानाला हरवलं होतं. आणखी उत्तरेला, अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली यानं तिथे नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दक्षिणेला नोवसाजी नाईक हटकरांची नाव्ह्याची गढी. हैदराबादच्या फौजेनं 1819च्या जानेवारीत वेढा घालून आणि तोफा डागून ती घेतली.

वाशीमच्या दृष्टीनं यातली अडगावची लढाई सगळ्यांत महत्त्वाची. ती झाल्यावर पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला, त्यात वाशीमही गेलं. पन्नास वर्षांनी, 1853मध्ये, निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. वाशीमच्या महसुली कागदांचा मालक अडगावच्या तुरी-कपाशीच्या वावरांत एका संध्याकाळी बदलला, असं म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळी जे जमिनीवर पडलं त्याचा बराचसा भाग अजून जमिनीतच असणार. लढाई संपल्यावर तोफा, बंदुका, तलवारी, घोडी, तंबू हे सगळं विजेते उचलून नेतात. उरलंसुरलं गावकरी नेतात. मागे राहतं ते बारीक आणि बिनकिमतीचं: गोळ्या, छर्रे, चकमकीचे तुकडे, गुंड्या, नालाचे खिळे. नेमकं हेच सगळ्यांत जास्त बोलकं निघतं.

यात शिशाच्या गोळीला पहिला मान द्यायला हवा. लोखंड गंजून फुगतं, त्याचा आकार जातो. शिसं टिकतं. आपली काळी जमीन चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात पडलेल्या शिशावर पांढुरका-करडा लेप चढतो, तो शिशाच्या कार्बोनेटचा असतो. एकदा तो चढला की आतलं शिसं बरंच सुरक्षित राहतं. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीची गोळी हातात घेतली तर ती मळकट खडूसारखी दिसते आणि वजनानं मात्र दचकवते. नखानं खरवडून आतली चकाकी बघायचा मोह आवरावा, कारण लेप गेला की पृष्ठभागावरच्या खुणाही जातात. हात धुवावेत हे वेगळं सांगायला नको, शिसं विषारीच.

गोळीचा व्यास आणि वजन ही तिची पहिली ओळख. कंपनीच्या फौजेची चकमकीची बंदूक पाऊण इंच नळीची होती. तिच्यात घालायची गोळी त्याहून थोडी लहान असायची: व्यास सुमारे साडेसतरा मिलिमीटर, वजन एकतीस-बत्तीस ग्रॅम. फ्रेंच धर्तीच्या बंदुकीची नळी अरुंद, म्हणून तिची गोळी साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आणि वजन सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. हा फरक सराफाच्या काट्यावर सहज कळतो. शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती फौजा, फ्रेंच आणि इतर युरोपी अधिकाऱ्यांनी उभे केले होते. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत असे आणि बंदुकाही बनवून घेत असे. असईला, 23 सप्टेंबर 1803 रोजी, याच कंपूंच्या तोफखान्यानं वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसं मारली किंवा जखमी केली. इंग्रजांनी त्या दिवशी 98 तोफा धरल्या आणि त्यांची घडण पाहून ते थक्क झाले. मराठ्यांची शस्त्रं ओबडधोबड होती ही समजूत अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. असईच्या मैदानानं ती तेव्हाच खोटी ठरवली होती.

तोड्याच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ती जामगी पेटवून उडवायची. प्रत्येक लोहार आपल्या मापानं नळी करायचा, त्यामुळे गोळ्यांना एक ठरलेलं माप नाही. बहुतेक गोळ्या लहान, काही पुरत्या गोलही नसतात. शिशाची टंचाई असली की लोखंडाच्या गोळ्या ठोकून काढत. साखरखेर्ड्याच्या लढाईला चकमकीच्या बंदुका अजून दख्खनेत रुळल्या नव्हत्या. तिथल्या वावरात साडेसतरा मिलिमीटरच्या सारख्या मापाच्या गोळ्या ढिगानं निघाल्या तर त्या 1724च्या नाहीत, नंतरच्या कुठल्या तरी पलटणीच्या आहेत, असा संशय घ्यायला जागा आहे. याहून मोठ्या, दोन-तीन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्या जंबुऱ्याच्या किंवा जेजालांच्या असू शकतात. जंबुरा उंटावर बसवायचा, जेजाला बुरुजावर टेकवून उडवायचा. हेच मोठ्या माप-वजनाचे गोळे तोफेच्या डब्यात भरून छर्रे म्हणूनही उडवले जात. तेव्हा एकट्या गोळीवरून निकाल देऊ नये.

मापाच्या पुढे जाऊन गोळीचा पृष्ठभाग वाचायला शिकलं की खरी गंमत सुरू होते. गोळी दोन भागांच्या साच्यात ओतायची, त्यामुळे तिच्याभोवती साच्याची बारीक शिवण राहते. जिथून शिसं ओतलं तिथे कापलेल्या देठाचा चपटा डाग असतो. हे दोन्ही स्वच्छ दिसत असतील आणि गोळी गोल असेल तर ती उडालेली नाही. घाईत शिपायाच्या हातातून निसटली, काडतुसाचा कागद फाटून पडली किंवा मेलेल्याच्या पेटीतून सांडली. उडालेल्या गोळीच्या कमरेभोवती नळीशी घासल्याचा पट्टा असू शकतो, आणि ती जिथे आदळली तिथे चपटते, बशीसारखी होते किंवा फुटते. म्हणजे बिनउडालेल्या गोळ्या शिपाई उभे होते ती ओळ दाखवतात, चपटलेल्या गोळ्या मारा कुठे पडला ते दाखवतात. चकमकीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे फारसा लागत नसे, त्यामुळे या दोन ओळींमधलं अंतर फार मोठं नसतं.

गोळी गोल नसून निमुळती असेल, मागच्या बाजूला पोकळ असेल, तर 1803 विसरून जा. अशा गोळ्या एनफिल्ड रायफलीबरोबर 1850च्या दशकात आल्या. त्यांच्या अंगावर रायफलीच्या आतल्या पेचाचे आडवे-तिरपे वळ उठलेले असतात. त्यांच्या थोडं आधी, चकमकीची जागा घेणाऱ्या तांब्याच्या इवल्याशा टोप्या आल्या होत्या. टोपी सापडली की तो थर 1840च्या आगेमागेचा किंवा त्यानंतरचा. नोवसाजी नाईकांच्या वेढ्यात अशी टोपी असूच शकत नाही. असली ‘नसू शकते’वाली खूण ‘असू शकते’वाल्या दहा खुणांपेक्षा जास्त कामाची असते.

पितळी काडतुसं तर आणखी अलीकडची. पैनगंगेच्या काठाने अशी रिकामी काडतुसं सापडली की ती लगेच रझाकारांच्या काळाशी जोडली जातात, आणि त्याला आधारही आहे. 1948पर्यंत वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांच्यामधली हद्द मोठ्या अंतरापर्यंत पैनगंगाच होती आणि त्या वर्षी सीमेवरची गावं धास्तीत जगत होती. पण थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस बूड बघितल्याशिवाय ओळखू नये. बुडावर कारखान्याची अक्षरं आणि बहुतेक वेळा वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. रोमन लिपीतली ‘के’ आणि ‘एफ’ असतील तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. त्यावर 47च्या आतलं वर्ष असलं तरी ते 1948मध्येच झाडलं गेलं असं नाही, कारण पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री पुढेही कित्येक दशकं वापरली. मात्र त्यावर 1960 असेल तर ते पोलीस अॅक्शनच्या वेळचं नक्कीच नाही.

चांदमारीची फसगत याच जातीची. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, वाशीमहून एका दिवसाच्या घोडदौडीवर. छावणी म्हटली की रोजची कवायत, निशाणबाजी, आणि निशाणामागचा मातीचा बांध. तिथे एकाच ठिकाणी शेकडो चपटलेल्या गोळ्या निघतात आणि सापडवणाऱ्याला वाटतं, मोठी लढाई झाली. गोळ्या एकाच दिशेनं येऊन एकाच बांधात रुतल्या असतील, त्यांच्यासोबत घोड्याचा नाल नाही, गुंडी नाही, छर्रा नाही, तर ती चांदमारी. लढाईत गोळ्या अशा शिस्तीत पडत नाहीत.

तोफेच्या लोखंडी गोळ्याकडे वळण्याआधी एक सावधगिरी. गोळ्याला भोक दिसत असेल, किंवा भोकाच्या जागी लाकडाचा, धातूचा तुकडा किंवा गंजाची गाठ दिसत असेल, तर तो बहुधा पोकळ बाँबगोळा आहे. आत दारू भरून तो हॉवित्झर किंवा उखळी तोफेतून फेकत. ही दारू जमिनीत ओली होते, वाळते, आणि तिची ताकद शंभर वर्षांनीही जाते असं नाही. 2008मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातल्या एका गोळ्याची साफसफाई करताना स्फोट झाला आणि त्या कामात मुरलेला एक संग्राहक जागीच गेला. असा गोळा हलवायचा नाही, ठोकायचा नाही, त्यावर ग्राइंडर तर अजिबात चालवायचा नाही. लोकांना लांब ठेवायचं आणि पोलिसांना फोन करायचा.

भरीव गोळा ओळखायला गणित बरं. घेर सुतळीनं मोजून 3.14ने भागला की व्यास. व्यासाचा घन करून 0.52ने गुणला की घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. ग्रॅममधलं वजन या घनफळाने भागा. उत्तर सातच्या आसपास आलं तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड. तीनच्या आत आलं तर दगड. अकराच्या वर गेलं तर शिसं. बिडाचा दिसणारा गोळा पाच-साडेपाचवर अडला तर तो एकतर आतपर्यंत गंजला आहे किंवा पोकळ आहे, आणि पोकळ असण्याची शंका आली की वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. इंग्रजी तोफांची नावंच गोळ्याच्या वजनावरून पडली होती. सहा-पौंडी तोफेचा गोळा 2.7 किलोचा, व्यास नऊ सेंटिमीटरला थोडा कमी. बारा-पौंडीचा 5.4 किलो आणि सव्वाअकरा सेंटिमीटर. आपल्याकडे ओतलेल्या गोळ्यांना एवढी शिस्त नसे, पण साच्याची शिवण आणि देठाचा डाग त्यांच्यावरही असतो.

या गणितात सर्वांत जास्त नापास होतात ते शाळेच्या मैदानावरून हरवलेले गोळाफेकीचे गोळे. पुरुषांचा 7.26 किलोचा, महिलांचा 4 किलोचा, दोन्ही आंतरराष्ट्रीय नियमानं ठरलेले. त्यानंतर कारखान्यांच्या दळण-ड्रममधले पोलादी गोळे, गुळगुळीत आणि शिवण नसलेले. मग फाटकाच्या खांबावरच्या गोल टोप्या, जुनी लोखंडी वजनं, जिनिंगमधले निकामी सुटे भाग. कारंजा, मंगरूळपीरकडे कापसाच्या गिरण्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत इतकं लोखंड मातीत सोडलं आहे की तोफखान्याला लाज वाटावी.

दगडी चकमकीबद्दल थोडं सांगतो. चकमकीच्या बंदुकीच्या चापात नखाएवढा ते अंगठ्याएवढा चौकोनी दगड बसवलेला असे. विलायतेहून येणारा दगड काळा किंवा धुरकट करडा, फ्रान्सचा मधाच्या रंगाचा. वाशीमच्या बेसाल्टमध्ये गारगोटी भरपूर मिळते, लाल-पिवळा जास्परही मिळतो, पण हा विलायती काळा फ्लिंट मिळत नाही. तेव्हा वावरात कडेनं झिजलेला, चौकोनी, काळा तुकडा सापडला तर तो समुद्र ओलांडून आलेला पाहुणा असण्याची शक्यता आहे. गारगोटीची पातळ पाती मात्र वेगळी गोष्ट. ती अश्मयुगातली असू शकते आणि मग प्रकरण लढाईपेक्षा हजारो वर्षं मागे जातं. नालांचं तर विचारूच नका. घोड्याचा नाल एक, कमानीसारखा. बैलाचं खूर दुभंगलेलं असल्यानं त्याला प्रत्येक पायात दोन छोट्या पत्र्या. वेलस्लीच्या फौजेत बैल हजारोंनी होते, पण गेल्या दोनशे वर्षांत वऱ्हाडात बैल त्याहून कितीतरी जास्त राबले. बैलाची पत्री काहीच सिद्ध करत नाही. गुंडी मात्र करते. गोऱ्या पलटणींच्या शिपायांच्या कथलाच्या किंवा पितळी गुंड्यांवर पलटणीचा आकडा असे. 74, 78 आणि 94 क्रमांकाच्या पलटणी अडगावच्या मैदानावर होत्या. तो आकडा असलेली एक गुंडी शंभर गोळ्यांपेक्षा जास्त बोलते.

आणि बाण, म्हणजे दारू भरून उडवायचे अग्निबाण. मराठी बखरींत बाणांचा उल्लेख जागोजागी येतो, पण जमिनीतून निघालेला बाण ओळखणारे कमी. तो पंपाच्या तुकड्यासारखा किंवा जुन्या पाइपासारखा दिसतो: वीत-दीड वीत लांबीची लोखंडी नळी, एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला बारीक छिद्र. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर या गावी, म्हणजे जुन्या बिदनूरला, एका कोरड्या विहिरीतून 2018मध्ये हजाराहून अधिक बाण निघाले. तिथेच 2002मध्ये शेकडाभराहून अधिक निघाले होते, पण आधी ते साधे गोळे म्हणून ठेवून दिले गेले आणि बाण म्हणून त्यांची ओळख पुढे पटली. गंजलेल्या लोखंडाच्या नळीला भंगारवाला पाच रुपये देतो, हे वऱ्हाडातल्या बाणांचं काय झालं असेल ते सांगायला पुरेसं आहे.

काळ्या जमिनीचा एक दोष मात्र इथे नोंदायलाच हवा. इतर ठिकाणी पुरातत्त्वज्ञ थरांवर विसंबतात: खालचं जुनं, वरचं नवं. आपल्या काळ्या मातीत हे चालत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कधी हातभर, कधी त्याहून खोल. वर पडलेली गोळी भेगेत जाते. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात, आणि फुगताना ती खालचे दगड हळूहळू वर ढकलते. वखर, नांगर आणि आता रोटाव्हेटर वरचा वीतभर थर दरवर्षी घुसळतात. त्यामुळे शिवाजी महाराजांच्या काळातली गोळी वर आणि काल-परवाचा नट-बोल्ट खाली, असं सहज होतं. ‘दोन हात खोल सापडलं म्हणजे फारच जुनं’ हा युक्तिवाद वऱ्हाडात तरी टिकत नाही.

म्हणूनच इथे खोलीपेक्षा जागेला महत्त्व. वस्तू वर-खाली होते, पण नांगरानं ती वावराच्या बाहेर सहसा जात नाही. शंभर-दोनशे वर्षांत ती काही मीटर इकडेतिकडे सरकते, मैलभर नाही. या एका गोष्टीवर रणभूमीचा सगळा अभ्यास उभा आहे, आणि तो किती पुढे जाऊ शकतो हे अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला दिसलं. 1876मध्ये तिथे अमेरिकी लष्करातल्या कस्टरची तुकडी सू आणि शायेन योद्ध्यांनी संपवली. सांगणारं कुणी गोरं वाचलं नाही, योद्ध्यांच्या साक्षींवर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती. 1983मध्ये गवताला वणवा लागून माळ उघडा पडला. रिचर्ड फॉक्स आणि डग्लस स्कॉट यांनी पुढच्या वर्षी मेटल डिटेक्टर घेऊन माणसं रांगेनं चालवली. प्रत्येक आवाजाच्या जागी झेंडी रोवली, जागा नकाशावर मांडली, मगच वस्तू उचलली. रायफलीचा खिळा काडतुसाच्या बुडावर जो ठसा उठवतो तो प्रत्येक रायफलीचा वेगळा असतो. तो जुळवून एकाच रायफलीची काडतुसं माळभर कशी सरकली हे त्यांनी दाखवलं, म्हणजे एक माणूस लढाईत कुठून कुठे गेला तेच. योद्ध्यांच्या हातात किती वेगवेगळ्या बंदुका होत्या, हेही त्या काडतुसांनीच सांगितलं. शंभर वर्षं वीरगाथा म्हणून रंगवलेली लढाई वेगळीच निघाली. इंग्लंडात बॉसवर्थची 1485ची रणभूमी तर शिशाच्या गोळ्यांमुळे चक्क दुसऱ्याच जागी सापडली. स्मारक एका टेकडीवर, लढाई खाली दोन-तीन किलोमीटरवरच्या सपाट रानात.

आता अडगावकडे या. लढाई शिरसोली आणि अडगाव यांच्यामधल्या मैदानात झाली. सुरुवातीलाच भोसल्यांच्या तोफांच्या माऱ्यानं कंपनीच्या देशी पलटणींपैकी तीन फुटल्या, आणि त्याही असईला नीट लढलेल्या. वेलस्लीला स्वतः जाऊन त्या सावराव्या लागल्या. पुढे अरब आणि इराणी शिपायांची एक तुकडी गोऱ्या पलटणींवर धावून गेली आणि जवळजवळ तिथेच संपली. हे इंग्रजी कागद सांगतात. भोसल्यांच्या तोफा नेमक्या कुठे उभ्या होत्या, मारा किती लांबून झाला, अरबांनी हल्ला केला तो कोणत्या बाजूनं, हे मैदानच सांगू शकतं. लोखंडी गोळे एका पट्ट्यात, बिनउडालेल्या साडेसतरा मिलिमीटरच्या गोळ्यांची ओळ दुसऱ्या पट्ट्यात, तोड्याच्या बंदुकीच्या लहान गोळ्या त्यांच्या समोर. असा नकाशा निघाला तर विजेत्यानं लिहिलेल्या हकिकतीवर पहिल्यांदाच प्रश्न विचारता येईल. पण ती गोळी अकोल्यातल्या एखाद्या कपाटात ‘जुनी वस्तू’ म्हणून आली आणि कोणत्या वावरातून आली ते कुणाला ठाऊक नसेल, तर ती तीस ग्रॅम शिसं. भंगारात तिची किंमत होते तेवढीच.

वाशीमच्याच एका धातूच्या वस्तूशी ताडून पाहा. विंध्यशक्ती दुसऱ्याचा ताम्रपट 1939मध्ये उजेडात आला. त्यावर राजाचं नाव, वंश, दान आणि वत्सगुल्माचं नाव कोरलेलं होतं. तो कुठल्या माळ्यावर किती वर्षं पडला होता, याने फार बिघडलं नाही, वाकाटकांची वत्सगुल्म शाखा त्यानं स्वतःच सांगितली आणि मिराशींसारख्या अभ्यासकांनी ती इतिहासात बसवली. शिशाच्या गोळीवर काहीही लिहिलेलं नसतं. तिचा मजकूर म्हणजे ती जिथे पडली ती जागा, आणि तो मजकूर फक्त सापडवणारा लिहू शकतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. वस्तू उचलण्याआधी फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. गट नंबर, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलं, कोणत्या कामात निघाली, हे कागदावर लिहावं. वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा दहाचं नाणं ठेवून फोटो काढावा. लोखंडाला तेल लावू नये, चिंच-लिंबात बुडवू नये, तारेच्या ब्रशनं घासू नये. कोरड्या डबीत ठेवावं, एका डबीत एक वस्तू, चिठ्ठीसह. मेटल डिटेक्टर घेऊन स्वतः शोधायला मात्र जाऊ नये. गढ्यांच्या भोवती गुप्तधनासाठी रात्री खणणाऱ्यांनी जी नासधूस केली आहे, तीत भर कशाला. शिवाय केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत खोदकामच मना आहे.

कायदा लोकांना वाटतो तितका क्लिष्ट नाही. 1878च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानं जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा राणीच्या काळातली आहे आणि अजून कागदावर तशीच आहे. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, खाजगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. शेतकऱ्यांना भीती असते ती जमीन जाण्याची. गोळी कळवली म्हणून वावर जप्त होईल असं या कायद्यांत कुठेही नाही. तहसील कार्यालयातून वर कळवता येतं, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला आहे, आणि नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, 1863पासून उभा आहे. जिवंत काडतूस किंवा भोकाचा गोळा असेल तर मात्र यांतलं कुणीही नाही, आधी पोलीस.

ज्यांच्या घरी असं काही वाडवडिलांपासून आधीच फडताळात पडून आहे, त्यांनी पहिल्यांदा वजनकाटा शोधू नये. ते ज्यांनी आणलं ते आजोबा, किंवा त्यांच्याबरोबर वखरावर असलेला सालदार, अजून असेल तर त्याला त्या वावरात घेऊन जावं आणि कोणत्या बाजूला निघालं ते दाखवायला सांगावं. जमलंच तर त्याच्या पायाजवळ उभं राहून फोनवर जागा नोंदवावी. माप, वजन, घनता हे सगळं पुढच्या आठवड्यातही होईल.